धुतलेली जाळी

पाना हातातून निसटला, दोनदा टणटणला आणि इंजिनाखालच्या अंधारात गडप झाला.

मी पालथी पडले होते. एक खांदा दोन पाइपांच्या बेचक्यात, गाल तेलकट लोखंडावर. टगबोट म्हणजे मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणारी छोटी, ठेंगणी बोट. तिच्या इंजिनखोलीत उभं राहायला जेमतेम जागा, आडवं व्हायला तेवढीही नाही. वरच्या झडपेतून पावसाची बुरबुर मानेवर पडत होती. "देवा, एवढा पाना तेवढा दे रे," असं पुटपुटत मी चाचपडत हात लांबवला... आणि त्या हातात कुणीतरी पाना ठेवला.

कोरडा. पुसलेला!

सहा वर्षं मी इंजिनं दुरुस्त करत होते. लोकांनी मला पाने दिले होते, फेकले होते, पायाने सरकवले होते. पण पुसून कुणी दिला नव्हता.

"कोण आहे?" मी तशीच पालथी पडून विचारलं.

"तेलवाला. नवीन. परवापर्यंत वर डेकवर दोर ओढत होतो, कालपासून खाली."

"पाना पुसलात कशाला?"

"बाईंच्या हातात घाण वस्तू द्यायची आमच्यात पद्धत नाही."

"बाईंचा हात बघितलात का आधी?"

मी हात मागे वळवून दाखवला. कोपरापर्यंत काळाकुट्ट. माझ्या अंगठ्याभोवती एक मऊ चिंधी गुंडाळली गेली... हळूच, नखापासून मुळापर्यंत.

"अंगठा झाला," तो म्हणाला. "बाकीचा हात पुढच्या खेपेला. एका दिवसात एवढं काम होत नसतं, डॉक्टरीणबाई."

मी हसले. तोंड लोखंडाकडे होतं म्हणून त्याला दिसलं नाही, हे बरं झालं.

आता ऐका. गोष्ट गोड सुरू झाली म्हणून शेवटपर्यंत गोडच जाईल असं धरून बसू नका. या गोष्टीत एक भला माणूस जातो. त्यात माझा वाटा किती, तेही मी लपवणार नाही. लपवायचं असतं तर ते तेव्हाच जमलं असतं... भट्टी पेटलेलीच होती.

बाबांची वर्कशॉप धक्क्याला लागूनच. पत्र्याचं छप्पर, एक लेथ, एक भट्टी, दोन लांब बाकं आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. बाबांच्या कानाची ख्याती होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर टेकवून ते आतलं दुखणं सांगायचे. तोच कान इंजिनांनी खाल्ला. चाळीस वर्षांच्या गडगडाटाने त्यांना ठार बहिरं केलं. समोरच्याचं बोलणं ते ओठ बघून ओळखायचे. तरुणपणी त्यांना गाऊन सांगितलेल्या देवाच्या कथांचा फार नाद. आता ऐकू येईना, तरी काम करताना ते तळहाताने बाकावर ठेका धरत आणि स्वतःशीच मोठ्याने गात. सूर कुठच्या कुठे जायचा. भक्ती मात्र जागच्या जागी असायची.

त्यांच्या जागी मी बोटींवर जाऊ लागले. माझ्याकडे परवाना होता. ‘हे इंजिन समुद्रात न्यायला योग्य आहे’ असं लिहून खाली सही करायचा. बाबांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, इंजिनाला पाना लावण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवून देवाचं नाव घ्यायचं. आणि दुसरी, जाळीची.

"बाळ," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायचे, "मालक खोटं बोलेल, कप्तान खोटं बोलेल, घड्याळाचा काटासुद्धा खोटं बोलेल. जाळी बोलणार नाही. पण ती आपल्या हातानं उघडायची. आधी कुणाचा हात लागू द्यायचा नाही."

इंजिनातलं तेल फिरत फिरत एका तारेच्या जाळीतून गाळलं जातं. आत जे झिजतं, जळतं, तुटतं, ते सगळं येऊन तिथे बसतं. काळी काजळी असली तर हरकत नाही. ती असायचीच. पण काजळीत सोनेरी चमकी दिसली तर समजायचं, बेअरिंगचा वरचा थर संपला, आतला तांबूस थर सुटायला लागला. लोहचुंबकाला तो चिकटत नाही, आवाज सुरुवातीला होत नाही. फक्त जाळीत दिसतो. मग इंजिन तिथल्या तिथे बंद. कुणी कितीही आरडाओरडा करो.

त्या टगबोटीवर माझी खेप दर दुसऱ्या गुरुवारी.

दुसऱ्या खेपेला मी इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकत होते, तर हा समोर येऊन उभा. खिशातून चिंधी लोंबतेय, डोळे माझ्या कानाकडे. बोटीवर त्याला सगळे ‘चिंध्या’च म्हणायचे.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, ऐकणाऱ्यापुढे बडबडू नये."

"असं म्हणालं? मला तर ते कालपासून तुमची चौकशी करत होतं."

"इंजिन?"

"इंजिनच. दुसरं कोण करणार?"

मी स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या कानाशी धरली. तो वाकला. केसांना डिझेलचा वास आणि त्याखाली साबणाचा. आम्हां दोघांच्या मध्ये फक्त वीतभर लोखंड, आणि त्या लोखंडातून येणारी ती सहा ठोक्यांची लय... तो श्वास रोखून ऐकत होता. देवळात नवखा माणूस उभा राहतो ना, तसा.

"किती नीट चाललंय हो सगळं," तो हळूच म्हणाला.

"चिंध्या!" मागून हाक आली. "इंजिन तिकडं नाही रे, इकडं आहे!"

ते काका. बोटीचे मोठे मिस्त्री. अवघ्या धक्क्याचे काका. बत्तीस वर्षं खालीच काढलेली. गोल पोट, तेलाने पिवळी पडलेली मिशी आणि खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. एक मला दिली, एक त्याला.

"पोरी, याला काहीतरी शिकव. नुसतं पुसतो. परवा माझा चष्मा पुसला, मी घालून बसलो होतो तेव्हा."

त्या दिवशी माझी तर्जनी पुसून झाली. काका लगेच पाठ फिरवून तपमापकाकडे बघायला लागले. त्या तपमापकात बघण्यासारखं काही नव्हतं. तो तीन वर्षांपासून बंद होता.

तिसऱ्या खेपेला आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. कसे ते कळलं नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं. "वर वारा आहे, आभाळ आहे. सोडून इथे खाली का आलास? इथे गरमी, घाण, कान फुटायची वेळ."

त्याने चिंधीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"वरून... दर दुसऱ्या गुरुवारी फक्त तुझं डोकं दिसायचं. शिडीवरून खाली जाताना. मग दोन तास काहीच नाही. मग पुन्हा डोकं." तो थांबला. "काकांना म्हटलं, मला खाली घ्या. ते म्हणाले, काम येतं का? म्हटलं, पुसता येतं."

मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. काहीही ऐकायचं नसताना.

"म्हणजे त्या दिवशी तो पाना... तू तिथेच होतास?"

"अर्धा तास. तो पडायची वाट बघत."

त्या दिवशी मधलं बोट झालं.

मी त्याला पुष्कळ शिकवलं हो. पट्ट्यांचा ताण बोटाने कसा बघायचा, पंप आधी का तापतो, गरम पाइपाशी बोलताना किती अंतर ठेवायचं. दीड महिन्यात हजार गोष्टी सांगितल्या. जाळीची तेवढी राहिली. ती माझी, बाबांची, आमच्या घरातली गोष्ट होती. ती कधीतरी निवांत सांगू, असं मनात धरून बसले...

चौथ्या खेपेचा गुरुवार.

शिडीवरून उतरले तर खोली ओळखू येईना. रेलिंग लखलखतंय, पाइपांवरचा वर्षानुवर्षांचा थर गेलेला, पितळेचे नळ घासून पिवळेधमक. आणि मधोमध हा, कान लाल करून उभा.

"कालपासून हेच चाललंय," काका म्हणाले. "मी बसलो असतो तर मलाही पॉलिश केलं असतं." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "पोरी, तेलाच्या दाबाचा काटा जरासा खाली बसतोय गं. फार नाही. केसभर. पण बसतोय. जाळी बघ."

मी चार बोल्ट काढले, झाकण उचललं, जाळी बाहेर घेतली.

ती चमकत होती. नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखी. एक काळा कण नाही.

आता मी तुम्हाला खरं सांगते. चालत्या इंजिनाची जाळी अशी नसते. धुतलेली जाळी कुणालाही कळते, मला तर कळणारच. मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच स्वतः काही रांधून पानात वाढणाऱ्या माणसासारखा.

"आवडलं?" त्याने हळूच विचारलं.

मी काय करायला हवं होतं, ते मला पाठ होतं. म्हणायचं, जाळी धुतली गेली आहे, आता इंजिन दहा तास धक्क्यालाच बांधून चालवा, मग मी पुन्हा उघडते. बोट त्या दिवशी निघाली नसती. कप्तान वरून ओरडला असता. काका त्याच्याकडे बघून म्हणाले असते, ‘अरे, हे काय करून ठेवलंस?’ आणि ते लाल कान... त्या कानांचं मला बघवलं नसतं.

"आवडलं," मी म्हटलं.

जाळी परत बसवली. काट्याला बोटाने टिचकी मारली. "काका, काटा म्हातारा झालाय. पुढच्या खेपेला बदलू." आणि कागदावर लिहिलं : ‘जाळी — स्वच्छ.’ खोटं नव्हतं ते. जाळी स्वच्छच होती. खाली सही केली.

काकांनी माझ्या शब्दावर मान हलवली. बत्तीस वर्षं इंजिनापाशी काढलेला माणूस, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या सहीवर विसंबला.

त्या दिवशी अनामिका पुसून झाली. त्याने ते बोट जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. "एक उरली," तो म्हणाला. "करंगळी. त्या दिवशी मी काहीतरी विचारणार आहे."

"काय?"

"ते त्या दिवशी."

मी घरी गेले ती गाणं गुणगुणत. देवा, मी गात होते...

रविवारी सकाळी धक्क्यावरचा भोंगा तीनदा वाजला. बाबांना ऐकू आला नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनी ठेका थांबवला.

दोन बोटी तिसरीला ओढून आणत होत्या. नेहमी इतरांना ओढणारी ती आज दोरीने बांधून येत होती. इंजिनखोलीच्या झडपा काळ्या पडलेल्या. डेकवर एक लांब आकृती, ताडपत्रीने झाकलेली. तिच्याशेजारी तो बसलेला, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला.

सगळं नंतर कळलं. मागे जड जहाज, उजव्या हाताला खडक, आणि खाली पांढरा धूर. काकांनी वासावरून ओळखलं. बेअरिंग तापून आतलं तेल वाफ होत होतं. अशा वेळी वेग उतरवायचा आणि खोली सोडायची. पण एकदम वेग उतरवला तर मागचं जहाज खडकावर. काकांनी त्याला शिडीकडे ढकललं, म्हणाले, "वर जाऊन कप्तानाला सांग, दोर सोडा." आणि दोर सुटेपर्यंत स्वतः इंजिनापाशी थांबले. दोर सुटला. जहाज वाचलं. त्यांनी वेग उतरवायला हात घातला आणि आतली तेलाची वाफ पेटून इंजिनाची बाजूची लोखंडी दारं फुटली. हा परत खाली धावला होता. त्याच दारांनी त्याचा हात भाजला.

काकांच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या वितळून गेल्या होत्या, असं तो मला म्हणाला. एवढंच म्हणाला.

चौकशी पुढच्या सोमवारी लागली. धक्क्यावर कुजबूज सुरू झाली की म्हाताऱ्याचीच चूक. दाब कमी होतोय हे त्याला ठाऊक होतं, तरी बोट काढली. इन्स्पेक्शनचा कागद तर साफ आहे. जाळी स्वच्छ.

सोमवारच्या आदल्या दुपारी तो वर्कशॉपमध्ये आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने त्याने खिशातून चिंधी काढली. नेहमीची नाही, एक जुनी, घडी घातलेली.

"जाळी धुतली ना... तेव्हा पुसून घेतलं होतं यात," तो म्हणाला. "सोन्यासारखं चमकत होतं. मला वाटलं, किती सुंदर आहे. तुला दाखवायला ठेवलं होतं. करंगळीच्या दिवशी."

घडी उलगडली. काजळीच्या काळ्या डागात ते कण उन्हात चमचम करत होते.

बघायला भिंगाची गरज नव्हती.

"आता कळलं मला हे काय आहे," तो म्हणाला. "कालच एका मिस्त्रीने सांगितलं. मीच मारलं त्यांना."

"दे इकडे."

"उद्या मी हे त्यांच्या टेबलावर ठेवणार."

"दे म्हणते ना!"

मी ती हिसकावली. भट्टी पेटलेली होती. दोन पावलं. फक्त दोन. याला पुन्हा कुणी बोटीवर घेणार नाही, माझा परवाना जाईल, बाबांचं नाव जाईल... आणि काकांना आता काय फरक पडतो? असं मी मनात म्हटलं. हो, म्हटलं. ज्याच्या हातची गोळी खाल्ली त्या माणसाबद्दल.

हात भट्टीवर गेला, तोच दारात बाबा.

त्यांना ऐकू काही आलं नव्हतं. दिसलं मात्र सगळं. ते आले, माझ्या मुठीतून चिंधी सोडवली, खिडकीच्या उजेडात धरली. खूप वेळ. माझे बाबा, जे कधी हळू बोलतच नाहीत, ते अगदी हळू म्हणाले, "सही कुणाची आहे, बाळ?"

"माझी."

"जाळी धुतलेली आहे हे कळलं होतं?"

मी मान डोलावली.

"आणि आता गेलेल्या माणसाच्या माथी मारणार?" ते भट्टीकडे बघत राहिले. "मग पाना लावण्याआधी जे नाव घेतेस, ते यापुढे घेऊ नकोस."

याहून कठोर ते मला आयुष्यात काही बोलले नव्हते. बाकावर बसून मी रडले. तो शेजारी बसला. डाव्या हाताने मला चिंधी द्यायला गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की आज त्याच्याकडे दुसरी चिंधीच नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत टेबलावर काच, काचेखाली जुने नकाशे, वर कुरकुरणारा पंखा. अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "जाळी कुणी धुतली?"

"मी," तो म्हणाला. "यांना माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "बघताक्षणी कळलं होतं. आणि धुवायची नसते हे मीच याला शिकवलं नव्हतं. याची काही चूक नाही."

"आहे. मी विचारलं नाही —"

"याला काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं, साहेब —"

"एकेक करून बोला!" अधिकाऱ्यांनी पेन आपटलं. मग दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "इथे लोक दोष दुसऱ्यावर ढकलायला येतात. तुम्ही आपल्याकडे ओढताय. मी लिहू तरी काय?"

"काकांची चूक नाही, एवढं आधी लिहा," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं. मग माझा परवाना काढून घेतला. त्याला दोन वर्षं कुठल्याही इंजिनखोलीत पाऊल ठेवायला मनाई. जास्त झालं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिथून आम्ही काकूंकडे गेलो. काकांच्या घरी. दाराशी त्यांचे बूट तसेच होते, एकाची नाडी सुटलेली. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आम्ही उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जाळी, चिंधी, सही, भट्टीसुद्धा.

काकूंची नजर दाराशी पडलेल्या बुटांवर गेली.

"तुम्हां दोघांचं मला ठाऊक होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "हे घरी येऊन सांगायचे. आज अंगठा झाला गं. आज तर्जनी झाली. एकटेच हसायचे. म्हणायचे, करंगळी झाली की मी स्वतः त्या बहिऱ्याकडे जाऊन ओरडून ओरडून मुलगी मागणार, साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं."

तो भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते.

"आता जा," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे बघवत नाही मला." आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "पुन्हा या. मी दार उघडेन असं नाही. पण या."

आठवड्याने तो निघाला. दूरच्या एका बंदरात जहाजदुरुस्तीचं आवार होतं, तिथे झाडू मारण्यापासून सुरुवात करायची होती. मनाई संपेपर्यंत इंजिनखोलीच्या बाहेर राहून जेवढं शिकता येईल तेवढं शिकायचं, मग उमेदवारी. धक्क्यावर बुरबुर पाऊस होता.

"तुझ्या चिंध्या घेतल्यास ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"नाही. आधी बघायला शिकतो. पुसायचं नंतर."

त्याचा भाजलेला हात आता उघडा होता, गुलाबी, ताणलेल्या कातडीचा. तो माझ्या हाताकडे बघत होता. मी हात पाठीमागे घेतला.

"राहू दे ती," मी म्हटलं. "तशीच काळी राहू दे."

"किती दिवस?"

"जाळी वाचता येईपर्यंत."

तो बोटीवर चढला. मागे वळून बघितलं का? दोनदा. मी मोजले नाहीत असं कोण म्हणेल!

पुढची तीन वर्षं मी बाबांच्या हाताखाली साधी फिटर. माझी कामं दुसराच कुणी येऊन तपासायचा, सही करायचा, मी बाजूला उभी राहायची. दर दुसऱ्या गुरुवारी, जेव्हा मी पूर्वी टगबोटीवर जायची त्याच वेळेला, काकूंच्या दाराशी जायची. पहिले पाच महिने दार उघडलं नाही. मी पायरीवर अर्धा तास बसून परत यायची. एकदा पायरीवर चटई घातलेली दिसली. मग एकदा दार अर्धं उघडं. मग एकदा चहा, न बोलता. मग एकदा त्या म्हणाल्या, "शिलाई मशीन अडकतंय बघ जरा." मी मशीन उघडलं, त्याच्यावर तळहात ठेवला. नाव घ्यायला ओठ हलेनात. काकू म्हणाल्या, "घे. थांबलीस का?"

तेव्हापासून मी ते पुन्हा घेऊ लागले.

त्याची पत्रं यायची. आखूड, चुका असलेली. ‘आज पंप खोलला. आज बोलणी खाल्ली. आज काकांची आठवण झाली.’ ‘आज’शिवाय त्याचं पत्रच नसायचं. प्रेमाचा एक शब्द नाही. मी ती पत्रं पान्यांच्या मागे खोचून ठेवायची.

चौथ्या वर्षीचा एक गुरुवार. दुपार. पत्र्यावर बुरबुर पाऊस. बाबा ठेका धरून गात होते आणि मी लेथवर वाकले होते. दारात उजेड अडला.

तो. वाळलेला, जरा पोक्त, छातीशी एक पत्र्याचा डबा धरलेला. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. खिशातून काही लोंबत नव्हतं.

"हात पुसले नाहीस?" माझ्या तोंडून निघालं. तीन वर्षांनी हेच निघालं, बघा.

"आधी तू बघ." त्याने डबा बाकावर ठेवला. "आमची बोट सकाळीच लागली. सोळा दिवस चाललेलं इंजिन. मी पहिल्यांदा स्वतः, एकट्याने उघडलं. जशी निघाली तशी आणली. कुणाचा हात लागलेला नाही."

मी झाकण काढलं. आत जाळी. काळी, घाण, तेलाने निथळणारी. मी पांढरा कागद पसरला. बाबांनी भिंग आणून दिलं आणि शेजारी येऊन उभे राहिले. मी हळूहळू एकेक कोपरा कागदावर झटकला. एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा मुद्दाम.

"तू काय वाचलंस?" मी वर न बघता विचारलं.

"काजळी. नुसती काजळी. पण मी दोन तास बघत होतो. चमकी नाही ना, याची खात्री होईना. भीती वाटते अजून. नेहमीच वाटणार बहुतेक."

"वाटू दे," मी म्हटलं. "ती गेली की सही चुकते."

बाबांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, स्वतः बघितलं, आणि धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाचता येतंय याला!" मग बाकावर तळहात आपटून त्यांनी ठेका धरला, चुकीच्या सुरात, भरल्या गळ्याने.

पावसातून आम्ही काकूंकडे गेलो. हातात डबा, हात तसेच काळे. दोघांमध्ये वीतभर अंतर, आणि ते कुणी कमी करेना. काकूंनी दार उघडलं. आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या भाजलेल्या हाताकडे, मग डब्याकडे. त्याने झाकण उघडून दाखवलं. इंजिनवाल्याची बायको ती, तिला काय सांगावं लागतं! त्यांनी बोटाने काजळी उचलली, उजेडात धरली, चोळली.

"काळी आहे," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"आणि हिची करंगळी?"

आम्ही दोघंही खाली बघायला लागलो.

काकू आत गेल्या. कपाट उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात काकांचा रुमाल होता. धुतलेला, चौकोनी घडीचा, पेपरमिंटचा वास अजून कुठेतरी धरून ठेवलेला. त्यांनी तो त्याच्या काळ्या हातात ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते. आवाज मात्र काकांसारखा होता, दटावणारा.

"पूस," त्या म्हणाल्या. "आणि काय विचारायचं राहिलंय ते माझ्यासमोर विचार. ह्यांनाही ऐकू जाऊ दे."